२० माणसांच्या कंपनीसाठी स्वतःचा मेल सर्व्हर ठेवावा का? सोबत कोणता अँटिव्हायरस चांगला?

सर्व्हर ठेवा. अँटिव्हायरसचं जरा लांबून सांगावं लागेल, कारण त्यापायी मी एकदा जे ऐकून घेतलं ते अजून विसरलेलो नाही.

कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी सहा वर्षं मेल सर्व्हर सांभाळला. ३२ मेलबॉक्स. साधं मशीन, लिनक्स, मेलची ने-आण करणारं पोस्टफिक्स आणि मेलबॉक्समधून ती टेबलांवरच्या मशीनना देणारं डव्हकॉट, सगळं फुकटचं. येणारी प्रत्येक मेल क्लॅमएव्ही (फुकटचा अँटिव्हायरस) आणि स्पॅमअसॅसिन (नको असलेल्या मेल ओळखणारं सॉफ्टवेअर) यांमधून गाळून पुढे जायची. टेबलांवर विंडोज एक्सपी आणि मेल वाचायला थंडरबर्ड. डिस्क लहान होती म्हणून पॉप लावलेलं, म्हणजे मेल टेबलावर उतरली की सर्व्हरवरून पुसली जायची. मोठी डिस्क मी दोनदा लिहून मागितली होती. मिळाली नाही.

आता थंडरबर्ड एका फोल्डरच्या सगळ्या मेल एकाच फाइलमध्ये ठेवतो. इनबॉक्समध्ये चार हजार मेल असोत, डिस्कवर फाइल एकच. त्यातल्या एखाद्या जुन्या मेलसोबतची झिप अँटिव्हायरसला खटकली की तो अख्खी फाइल उचलतो, कारण त्याच्या लेखी ती एक फाइल आहे. हे ठाऊक होतं म्हणून प्रत्येक मशीनवर मी थंडरबर्डचं फोल्डर स्कॅनमधून वगळून ठेवलं होतं.

२०१२ च्या मार्चमध्ये अँटिव्हायरसचं लायसन्स संपत आलं. मी दोन दिवस रजेवर होतो, तेवढ्यात डीलरचा मुलगा येऊन जुनं काढून नवीन व्हर्जन टाकून गेला. जुन्याबरोबर माझी वगळलेली यादीही गेली, आणि कुणी मला फोनसुद्धा केला नाही. तिसऱ्या दिवशी मार्केटिंगच्या टेबलावरचा इनबॉक्स रिकामा. अँटिव्हायरसच्या रिपोर्टमध्ये एक ओळ होती: फाइल दुरुस्त होत नाही, डिलीट केली. क्वारंटाइनमध्ये, म्हणजे अँटिव्हायरस संशयित फाइली बाजूला ठेवतो तिथेही, प्रत नाही. माझ्याकडचा त्या मशीनचा बॅकअप ११ दिवसांपूर्वीचा. मधल्या ११ दिवसांत एका पंपवाल्या गिऱ्हाइकाचं सुधारित ड्रॉइंग आलं होतं, आणि आमच्याकडे पॅटर्न, म्हणजे साचा काढायचा नमुना, जुन्या ड्रॉइंगवर बनला.

मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुमचा तो फुकटचा सर्व्हर मेल खातो का हो?"

मी लॉग काढून नेले. ड्रॉइंगची मेल कधी आली, कुठल्या मेलबॉक्समध्ये पडली, हे पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये सेकंदासकट होतं. पॉपवरून किती मेल उतरवल्या आणि किती पुसल्या हा आकडा डव्हकॉट प्रत्येक वेळी लिहितो, तोही होता. त्यांनी कागद बाजूला सारला. म्हणाले, पैसे मोजलेली वस्तू अशी करणार नाही. डीलरला एका शब्दानं कुणी विचारलं नाही. पुढच्या महिन्यात माझा सर्व्हर बंद झाला आणि बाहेरची महिन्याला पैसे घेणारी मेल सेवा आली. पॉप तसंच ठेवलं, अँटिव्हायरसही तोच. आठ महिन्यांनी स्टोअरच्या मशीनवर हुबेहूब तेच झालं. इनबॉक्स गायब, रिपोर्टमध्ये तीच ओळ. तेव्हा मला बोलवून कुणी काही म्हटलं नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: टेबलावरच्या मशीनला विंडोजसोबत येणारा डिफेंडर अँटिव्हायरस पुरे, वर पैसे घालून दुसरा बसवू नका. मेल गाळायची ती सर्व्हरवरच गाळा, आणि तिथे मेल साठवायला मेलडिर ही पद्धत वापरा. त्यात प्रत्येक मेलची वेगळी फाइल असते, एक गेली तरी बाकीच्या जागेवर राहतात. पॉपवरच राहावं लागलं तर थंडरबर्डमध्ये अँटिव्हायरसला येणारी मेल सुटी तपासू देणारं एक सेटिंग आहे, ते चालू करा. खरं तर पॉप नकोच, आयमॅप लावा, म्हणजे मेल सर्व्हरवरच राहते.

फुकटचं ते सगळं चांगलं, असं मात्र मी म्हणत नाही. १५ एप्रिल २०१० ला क्लॅमएव्हीवाल्यांनी ०.९५ च्या आधीची सगळी व्हर्जनं एका अपडेटनं मुद्दाम बंद पाडली. सहा महिने आधी सांगितलं होतं, ज्यांनी वाचलं नाही त्यांच्या मेल अडकल्या. आणि सहाच दिवसांनी, २१ एप्रिलला, मॅकअफी या विकतच्या अँटिव्हायरसच्या अपडेटनं एक्सपीची स्वतःची, चालायला लागणारी एसव्हीसीहोस्ट फाइल व्हायरस ठरवली आणि जगभर मशीनं सारखी रीस्टार्ट होत राहिली. पैसे मोजल्यानं काय वाचलं, ते साहेबांना तेव्हा सांगायला हवं होतं. बोलताना सुचलं नाही.

सर्व्हर ठेवा म्हणालो, पण स्टॅटिक आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) आणि त्याची रिव्हर्स डीएनएस नोंद (त्या पत्त्यावरून सर्व्हरचं नाव सांगणारी) मिळणार नसेल तर नादाला लागू नका. घरगुती कनेक्शनवर आणि बऱ्याच भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर २५ नंबरचं पोर्ट, ज्यातून सर्व्हर एकमेकांना मेल देतात, बंदच असतं. मेल खरंच तुमच्याकडूनच आली हे दाखवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम दोन्ही नोंदी लावा, डीमार्कसुद्धा; फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल याबाबतीत फार कडक झालं आहे. सर्व्हर एखादा दिवस बंद पडला तर घाबरू नका, पाठवणारा सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो, पोस्टफिक्स तर मुळात पाच दिवस. तुम्ही रजेवर असताना बघणारं दुसरं माणूस हवं, आणि तुम्हाला विचारल्याशिवाय कुठल्याही मशीनवर कुणी काही टाकणार नाही हे मालकाकडून आधी लेखी घ्या.

लॉग किमान वर्षभर ठेवा. बऱ्याच लिनक्सवर ते चार आठवड्यांनी आपोआप पुसले जातात, तो आकडा वाढवा. माझ्या त्या दोन पानांचं प्रिंट अजून घरात फाइलला आहे. सकाळी ९ वाजून ४२ मिनिटं, १७ उतरल्या, १७ पुसल्या. ड्रॉइंगची मेल त्यातली सहावी.