ज्वालामुखी, माहितीपट आणि बारावीनंतरची वाट

सप्रेम नमस्कार,

हर्णै परिसरातून पाठवलेले आपले पत्र मिळाले. आपल्या दोन मासेमारी नौका आहेत. कन्या बारावी विज्ञान शाखेत असून, मासेमारीवर जगणाऱ्या दूरच्या बेटांचे आणि तेथील ज्वालामुखी उद्रेकांचे माहितीपट पाहून ‘मला हेच करायचे आहे’ असा तिने हट्ट धरला आहे. तिला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात घालावे की पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पाठवावे, आणि या व्यवसायात पोट भरते का, असे आपण विचारले आहे.

पहिला प्रश्न निम्मा नियमानेच सुटतो. पुण्याच्या संस्थेतील दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांना पदवी आवश्यक आहे, त्यामुळे बारावीनंतर लगेच तेथे प्रवेश मिळणार नाही. कोणती तरी पदवी घ्यावीच लागणार आहे, तर ती दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या शिरगाव महाविद्यालयातून मत्स्यशास्त्राची, चार वर्षांची घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ‘सिनेमा नाही जमला तर हाताशी काही असावे’ असा हिशेब त्यामागे नाही. तिला ज्या प्रकारचे माहितीपट करायचे आहेत, त्यांचे भांडवलच हे ज्ञान आहे.

आइसलँडजवळच्या हेमाय बेटाचे उदाहरण घेऊ. 23 जानेवारी 1973 रोजी मध्यरात्रीनंतर तेथे गावाच्या कडेलाच जमीन फाटली आणि उद्रेक सुरू झाला. आदल्या दिवशीच्या वादळामुळे मासेमारीचा ताफा बंदरातच थांबलेला होता, म्हणून सुमारे 5,300 रहिवाशांपैकी बहुतेकांना त्याच रात्री मुख्य भूमीवर नेता आले. पुढे लाव्हा बंदराचे तोंड बुजवू लागला, तेव्हा त्यावर पंपांनी समुद्राचे पाणी सोडून तो थिजवण्याची धडपड झाली, कारण बंदरच गेले असते तर परत येऊन लोकांनी खायचे काय, हा प्रश्न होता. दक्षिण अटलांटिकमधील ट्रिस्टन दा कून्हा बेटावरही 1961 च्या उद्रेकात शेवंडीचा (लॉबस्टरचा) कारखाना गाडला गेला आणि सगळी वस्ती इंग्लंडला हलवावी लागली. तरीही 1963 मध्ये बहुतेक लोक परतले आणि शेवंडीचा धंदा त्यांनी पुन्हा उभा केला. पडद्यावर आग काही मिनिटे पुरते. त्यानंतर प्रेक्षक थांबतो तो लोक का परतले हे समजून घेण्यासाठी, आणि ते उलगडून दाखवायला जाळी, डिझेल, कर्ज आणि लिलाव कळावा लागतो. आपल्या कन्येने हे सारे घरात ऐकलेले आहे, ही तिची मोठीच जमेची बाजू आहे.

ज्वालामुखीचा विषय तिने सोडावा असे मी म्हणत नाही, पण तो पहिल्या दहा वर्षांचा विषय नव्हे. भारतातील जागता ज्वालामुखी अंदमानातील बॅरन बेटावर आहे आणि तेथे मनुष्यवस्तीच नाही, म्हणजे बेटावरची माणसे हवीत तर परदेशी जाण्याचा खर्च आला. धोक्याबद्दलची आपली काळजीही अनाठायी नाही. उद्रेकांचे चित्रण करण्यात आयुष्य घालवलेले कातिया आणि मोरिस क्राफ्ट हे फ्रेंच दांपत्य 3 जून 1991 रोजी जपानच्या उन्झेन पर्वतावर राख आणि वायूंच्या तप्त लोटात सापडून दगावले. त्या दिवशी 43 जणांचा बळी गेला आणि त्यांत वार्ताहर व छायाचित्रकारही होते.

त्याऐवजी तिने ‘अगेन्स्ट द टाइड’ हा सर्वनिक कौर यांचा माहितीपट अवश्य पाहावा. मुंबईतील दोन कोळी मित्रांची ही कहाणी आहे. त्यांतील एक किनाऱ्याजवळची पारंपरिक मासेमारी धरून आहे, तर दुसरा नव्या तंत्राच्या मागे खोल समुद्रात गेला आहे. 2023 मध्ये अमेरिकेतील सनडान्स चित्रपट महोत्सवात त्याला परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले. पर्ससीन म्हणजे थवाच्या थवा वेढून घेणारी मोठी जाळी आणि एलईडी दिव्यांच्या उजेडात मासे ओढून घेणारी मासेमारी यांचा वाद आपल्याही बंदरात रोज होतो, त्यामुळे हा विषय तिला परका वाटणार नाही.

प्रवेशाआधी एक काम तिला द्यावे. 1 जून ते 31 जुलै या पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्त होत असतात आणि माणसांना बोलायला सवड असते. एका नौकेवर दहा मिनिटांची फिल्म तिने मोबाइलवर करावी. नारळी पौर्णिमेनंतर बैलगाड्या पाण्यात शिरून मासळी वाळूवर आणतात आणि लिलाव पुकारला जातो, तेथपर्यंत तिने ती न्यावी. नौका मात्र आपली नसावी. नाखवाच्या, म्हणजे नौकामालकाच्या, मुलीसमोर खलाशी पगाराबद्दल खरे बोलणार नाही, मग तो गावचा असो वा नेपाळचा. आणि कॅमेऱ्यासाठी कोणालाही काही करून दाखवायला सांगू नये. 1934 च्या ‘मॅन ऑफ अरान’ या गाजलेल्या चित्रपटात आयर्लंडच्या बेटवासीयांकडून शार्कची अशी शिकार करवून घेतली होती, जी त्यांनी कित्येक दशकांपूर्वीच सोडून दिली होती. पर्यटकांच्या मोबाइलसाठी ओढलेली रापण, म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचे मोठे जाळे, आपणही पाहिली असेल; त्यातलाच तो प्रकार.

पोट भरण्याविषयी थोडक्यात सांगतो. स्वतःच्या माहितीपटावर घर चालवणारे आपल्याकडे मोजकेच आहेत. बाकीचे संकलन, ध्वनिमुद्रण, संस्थांसाठी लघुपट किंवा अध्यापन करून आपला माहितीपट सवडीने पुरा करतात. म्हणून पदवीनंतर तिने केवळ दिग्दर्शनाचा आग्रह धरू नये. बारावीला भौतिकशास्त्र असल्यामुळे पुण्याच्या ध्वनिमुद्रण अभ्यासक्रमासाठीही ती अर्ज करू शकेल, आणि मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील माध्यमविषयक पदव्युत्तर अभ्यासक्रमही तिने जरूर पाहावा, कारण तेथे माहितीपट निर्मिती शिकवली जाते. दोन्हीकडचे शुल्क आणि प्रवेश परीक्षेचे नियम त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकातूनच तपासावेत. आता मात्र शिरगावच्या प्रवेशाची तारीख चुकवू नका.

आपला,
करिअर मार्गदर्शक