पहिला घोडा म्हणून तीन वर्षांचा, अजून न फिरवलेला घोडा विकत घेऊन स्वतः तयार करावा का?

तुम्ही दिलेली माहिती अशी आहे: तुम्ही अंधेरीला राहता, दोन वर्षे शनिवार-रविवारी घोडेस्वारी शिकता आणि कर्जतजवळ अडीच-तीन वर्षांचा, पाठीवर अजून कोणी न बसलेला मारवाडी घोडा तुम्हाला तयार घोड्याच्या निम्म्या किमतीत मिळतो आहे. तो तुम्ही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी स्वतः असाच व्यवहार केला होता, तो मला चांगलाच फळला, आणि तरीही मी तुम्हाला नको म्हणते आहे.

आधी किमतीचे पाहू. चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण आठ किलो वैरण आणि पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागते. दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद, धनुर्वाताची लस, जंतांचे औषध, मोतद्दाराचा, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्या माणसाचा पगार, जागेचे भाडे, यांतले काहीही घोडा कोरा, म्हणजे न शिकवलेला, आहे म्हणून कमी होत नाही. तयार घोड्यावर तुम्ही पहिल्याच रविवारी बसाल, या घोड्यावर नीट बसायला दीड-दोन वर्षे जातील आणि शिकवणाऱ्याचे पैसे वेगळे द्यावे लागतील. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असा हा हिशेब आहे.

माझी घोडी सारंगखेड्याची. नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी दत्तजयंतीला भरणाऱ्या त्या बाजारात मी, माझे मामा आणि माझा चुलतभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, असे तिघे गेलो होतो. मामांची मुरबाडला शेती आहे, तिथला जुना गोठा रिकामा होता आणि दादाला व मला एकेक घोडे हवे होते. मी तोवर मुंबई-पुण्यात बरीच वर्षे स्वारी केलेली होती. दादा घोड्यांविषयी बोलण्यात माझ्या पुढे होता. बाजारात पाऊल ठेवल्यापासून त्याचा पंचकल्याणी, देवमण आणि अबलख असा जप सुरू झाला. चारही पाय आणि कपाळ पांढरे असले की घोडा पंचकल्याणी आणि शुभ, कंठावरचा भोवरा, म्हणजे देवमण, जागच्या जागी असला की मालकाची भरभराट. या लक्षणांवर किंमत चढते हे खरेच आहे, आणि ज्याला वरातीसाठी किंवा पुढे विकण्यासाठी घोडा घ्यायचा आहे त्याने भोवरे खुशाल मोजावेत. ज्याला पाठीवर बसायचे आहे त्याने पाय आणि दात पाहावेत.

दात पाहिले ते मामांनी. त्यांचे आयुष्य बैलबाजारात गेलेले. विक्रेत्याने सांगितले होते की घोडी चार वर्षांची आहे, उद्यापासून बसा. मामांनी तिचा ओठ वर केला. पुढचे मधले दोन दात मोठे, पिवळसर आणि उभ्या खाचांचे होते, पण त्यांच्या लगतचे दोन्ही बाजूंचे दात अजून दुधाचे, म्हणजे लहान, पांढरेशुभ्र आणि हिरडीपाशी निमुळते झालेले होते. घोड्याचे मधले दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनच्या आणि कडेचे साडेचारच्या. घोडी चारची असणे शक्यच नव्हते. मामा काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त मला त्या दातांवर बोट फिरवायला लावले. विक्रेत्याने ते पाहिले आणि किंमत उतरली. घोडी मी घेतली. दादाने त्याच दिवशी जवळपास त्याच वयाचा पंचकल्याणी घोडा घेतला.

खरा वाद मुरबाडला पोहोचल्यावर सुरू झाला. चार वर्षे पुरी होईपर्यंत घोडीच्या पाठीवर कोणी बसणार नाही, असे मी जाहीर केले. हाडे ज्या कूर्चेच्या पट्ट्यांमधून वाढतात, त्या पट्ट्या घोड्याच्या पायात खालून वर बंद होत जातात: खुराजवळच्या सर्वांत आधी, गुडघ्याच्या वरच्या दोन-अडीच वर्षांच्या सुमारास. पाठीच्या मणक्यांच्या पट्ट्या मात्र साडेपाच-सहा वर्षांपर्यंत पुऱ्या बंद होत नाहीत, म्हणजे आपण खोगीर ठेवतो तीच जागा सर्वांत उशिरा पक्की होते. दादाचे उत्तर असे होते की एवढा विचार करत बसले असते तर पेशव्यांच्या फौजा नर्मदेपलीकडे गेल्याच नसत्या. दादाच्या आईच्या, म्हणजे काकूंच्या मते मी जनावर फुकट पोसत होते. दिवाळीच्या फराळापासून साखरपुड्यापर्यंत प्रत्येक वेळी मला हे ऐकावे लागले.

फुकट काहीच चालले नव्हते. मी मुंबईहून आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशीच जाऊ शकत असे. उरलेले दिवस मामांनी ठेवलेले मोतद्दार तिच्याबरोबर असत. आम्ही त्यांना काका म्हणत असू. रोज सकाळी खरारा, चारही खुरे उचलून कोरणे, मग मोरकी घालून, बागडोर हाती धरून तिला रस्त्याने चालवत नेणे, असा त्यांचा क्रम होता. सुरुवातीला एसटी दिसली की घोडी बुजून शेताच्या बांधावर चढत असे. काका तिला ओढत नसत की चुचकारत नसत. बागडोर सैल सोडून तिच्या खांद्यापाशी उभे राहत आणि एसटी वळणाआड होईपर्यंत जागचे हलत नसत. एसटीनंतर वाऱ्याने फडफडणारी निळी ताडपत्री, रसवंतीच्या चरकाची घुंगरे आणि गणपतीतले ढोल, सगळे तिने याच रीतीने ऐकले-पाहिले. पाठीवर आधी घडी घातलेली घोंगडी आली, मग सैल तंग, म्हणजे पोटाखालून आवळायचा पट्टा, मग एकेक भोक आवळत गेलेला तंग. दोरीवर गोल फिरवणे आम्ही मुद्दाम थोडक्यात ठेवले, कारण लहान वर्तुळात कोवळ्या सांध्यांवर एका बाजूने ताण येतो.

पहिल्याच मे महिन्यात काकांचा फोन आला, "ताई, घोडीला घाम येत नाही." चालून आल्यावर तिच्या नाकपुड्या भात्यासारख्या हलत होत्या आणि मानेवर ठेवलेला तळहात मात्र कोरडाच निघत होता. डॉक्टरांनी ताप मोजला तो चाळीस अंशांच्या वर होता. घोड्याचे नेहमीचे तापमान साडेसदतीस ते साडेअडतीस असते. कोरड्या मुलखातले घोडे कोकणपट्टीच्या दमट उकाड्यात आले की काहींच्या घामग्रंथी हळूहळू काम करेनाशा होतात, आणि घोडा अंग थंड करतो तो मुख्यतः घामानेच. रामबाण औषध नाही, असे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले. अंगावर वारंवार पाणी, सावली, चंदीत, म्हणजे दाण्याच्या खुराकात, मीठ आणि उजाडण्यापूर्वीचेच चालणे, एवढ्यावर तिने तो उन्हाळा काढला आणि पावसाळ्यानंतर तिला पुन्हा घाम येऊ लागला. मी शनिवारी गेले असते तोवर कदाचित फार उशीर झाला असता. आठवड्याचे पाच दिवस त्या जनावराच्या अंगावर रोज हात फिरवणारा माणूस कोण, हा प्रश्न म्हणूनच मी जातीच्या, रंगाच्या आणि किमतीच्याही आधी विचारते. तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही.

दादाने वरातीचे घोडे नाचवायला शिकवणारा एक चाबूकस्वार आणला. त्याने जेरबंद, म्हणजे डोके खाली बांधून ठेवणारा पट्टा, आवळून काही आठवड्यांत घोडा तयार केला. आम्ही सगळे पाहायला गेलो. घोडा मान वाकवून, रेवाल चालीने अंगणात सुरेख फिरला आणि काकूंनी त्याची दृष्टही काढली. पाच वर्षांचा होण्याआधी तो पुढच्या दोन्ही पायांनी लंगडू लागला, तंग आवळताना चावू लागला आणि शेवटी पाठीवर कोणालाच ठरू देईना. एक्स-रेत सांध्यांची झीज दिसली. तो आज मामांच्या गोठ्यात उभा आहे आणि त्याची चंदी-वैरण मामाच करतात. माझी घोडी बारा वर्षांची आहे आणि दुडकीला तिचे चारही पाय सारखे पडतात.

यावर दादा प्रत्येक लग्नकार्यात चारचौघांत सांगतो की, हिची घोडी मुळातच गरीब होती, माझ्या नशिबी नाठाळ आला. गरीब घोडी एसटी पाहून बांधावर चढत नाही. तिचा गरीबपणा काकांनी एकेक सकाळ खर्चून तिच्यात उतरवलेला आहे, आणि दादाच्या घोड्याला नाठाळ म्हणणे हा तर त्या जनावरावर अन्याय आहे. ज्याचे पाय आणि पाठ दुखते तो आणखी कसे सांगणार?

दादाचा दुसरा हुकमी मुद्दा महालक्ष्मीच्या रेसकोर्सचा आहे. तिथे दोन वर्षांचे घोडे शर्यतीत पळतात, मग आपला अडीच वर्षांचा का नको? पळतात, हे खरे आहे. त्यांच्या पाठीवर पन्नास-पंचावन्न किलोंचा, कसलेला जॉकी काही मिनिटे असतो, दिमतीला रोजचा मोतद्दार, ट्रेनर आणि डॉक्टर असतात, आणि तरीही त्यांतले कितीतरी घोडे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत शर्यतीतून बाद होतात. कोवळ्या वयात सरळ रेषेत थोडे पळण्याने हाड बळकट होते, असे अभ्यास सांगतात, आणि ते मला मान्य आहे. म्हणून तर लहान घोड्याला ठाणावर बांधून न ठेवता मोकळ्या रानात सोडायचे असते. अपाय होतो तो लहान वर्तुळांमुळे, वजनामुळे आणि खोगिरावर आपटत बसणाऱ्या नवख्या स्वारामुळे.

तो नवखा स्वार तुम्ही आहात, हे मी राग येण्याची जोखीम पत्करून लिहिते. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांपुढे जाऊ नये, असा एक ढोबळ नियम आहे. पूर्ण वाढलेल्या चारशे किलोच्या घोड्याला तो ऐंशी किलोंवर नेतो, आणि तुमचा घोडा ना चारशेचा आहे ना वाढलेला. शिवाय कोवळ्या घोड्याला रोज पंधरा-वीस मिनिटांचे शिक्षण पचते. आठवडाभर काही नाही आणि रविवारी दोन तास, यातून तो फक्त रविवारची धास्ती घ्यायला शिकेल. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींचा खेळ) संघाने सुवर्णपदक मिळवले आणि त्यात मुंबईचा हृदय छेडाही होता, याचा अभिमान मलाही आहे. पण ते स्वार युरोपात राहून वर्षानुवर्षे शिकले आणि त्यांचे घोडेही आधीच कसलेले होते. त्या पदकाचा आणि कर्जतच्या कोऱ्या घोड्याचा काही संबंध जोडू नका.

तुम्ही आठ ते बारा वर्षांचा, घोडेस्वारीच्या शाळेत राबलेला, थोडा आळशी वाटणारा घोडा पाहा, किंवा वर्षभर एखादा घोडा निम्म्या खर्चाच्या बोलीवर दुसऱ्या कोणाबरोबर वाटून घ्या. शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड कोणी जवळपास फुकट देऊ केला तर तोही तयार घोडा समजू नका. महालक्ष्मीला शर्यती उजव्या हाताने वळणाऱ्या असतात, म्हणून डावीकडे दौडायला तो बहुधा अडखळतो. आणि जॉकीला चालत्या घोड्यावर हात देऊन चढवतात, म्हणून रिकिबीत पाय घालताना उभे राहायचे असते, हेही त्याला नव्याने शिकवावे लागते.

एवढे वाचूनही घ्यायचाच असेल, तर न कळवता आडवारी सकाळी जा आणि घोडा सोबत्यांपासून दूर नेऊन चालवायला सांगा. खालचा ओठ लोंबत असेल आणि मान खाली गेलेली असेल, तर गुंगीचे औषध दिले असल्याची शंका घ्या व रक्त तपासून घ्या. विक्रेत्याच्या नव्हे, तर तुमच्या डॉक्टरांकडून सांधे दुमडून लगेच दुडकी चालवण्याची चाचणी आणि पायांचे एक्स-रे करून घ्या. ग्लँडर्सच्या तपासणीचा अहवाल पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. हा रोग माणसालाही होतो आणि कायद्याप्रमाणे रोगी घोड्याला मारावेच लागते.

आता दादाच्या बाजूनेही लिहायला हवे. दोन घोड्यांवरून सिद्धांत मांडता येत नाही, त्याच्या घोड्याचे पाय जन्मतःच अधू असू शकतील, आणि माझ्याकडे मामांची जमीन, काका आणि आधीचा अनुभव होता, जे त्याच्याकडेही पुरते नव्हते आणि तुमच्याकडेही नाही. तुमच्याजवळ काकांसारखा माणूस आणि आठवड्यातून तीनदा येणारा शिक्षक असेल, तर माझा नकार बराच सौम्य होतो. तसे असल्यास व्यवहार डिसेंबर-जानेवारीत करा, म्हणजे मे महिन्याच्या उकाड्याआधी घोड्याला इथली हवा मानवायला चार महिने मिळतील. दादा म्हणेल की महिन्याने काही फरक पडत नाही. मे महिन्यात घोड्याच्या मानेवर हात ठेवून पाहायला तो कधी मुरबाडला आला नव्हता.