वाचक विचारतात: ब्रेक बदलू, की नुसती केबल?

प्रश्न: माझ्या रोड बाइकला केबलवर चालणारे डिस्क ब्रेक आहेत. दोन्ही चाकांना १६० मिलिमीटरचे रोटर (चाकाबरोबर फिरणारी धातूची चकती), कॅलिपर (पॅडने रोटर आवळणारा भाग) एकाच बाजूने दाबणारे. लांब उतारावर लिव्हर जवळजवळ हँडलबारला टेकतो आणि बोटं भरून येतात. पुढचा ब्रेक बरा आहे, मागचा नुसता नावाला. एक मित्र म्हणतो, दोन्ही बाजूंनी दाबणारे कॅलिपर घाल. दुसरा म्हणतो, थेट हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक कर. कुणाचं ऐकू?

उत्तर: तूर्त कुणाचंच नको. तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात: पुढचा बरा, मागचा नावाला. कॅलिपर दोन्हीकडे सारखेच, रोटरही तेवढेच. मग फरक उरतो तो केबलच्या लांबीचा. पुढची केबल वीतभर पुढे जाऊन खाली उतरते. मागची पार फ्रेमच्या दुसऱ्या टोकाला पोचते, आणि वाटेत चार वळणं घेते.

आता, ब्रेक लावताना वजन पुढच्या चाकावर जातं, त्यामुळे मागचा ब्रेक कुठल्याही सायकलीत कमीच काम करतो, हे खरं. पण त्याच कारणाने मागचं चाक चटकन घसरायलाही हवं. मोकळ्या, कोरड्या जागी अगदी हळू जाताना फक्त मागचा लिव्हर जोरात दाबून बघा. चाक जाम होत नसेल तर दोष ब्रेकचाच.

तो कुठे आहे ते पाहायला सायकल उभी करा आणि कुणाला तरी लिव्हर हळूहळू दाबायला सांगा. तुम्ही कॅलिपरपाशी बसा आणि त्याचा दांडा बघा, म्हणजे केबल जिथे आवळलेली असते तो. पॅड रोटरला टेकलं की दांडा थांबतो. त्यानंतरही लिव्हर बराच आत जात असेल, तर ती ओढ मधेच कुठेतरी जिरते आहे. बाहेर दिसणाऱ्या आउटरवर, म्हणजे केबलवरच्या नळीवर, बोट ठेवा, दर दाबाला ते हललेलं जाणवेल. साध्या ब्रेक आउटरमध्ये चपट्या तारेचं वेटोळं असतं. ताण आला की वेढे एकमेकांवर दबतात. रिम ब्रेकला हे चालून जायचं; डिस्कमध्ये पॅड आणि रोटर यांच्यातली फट इतकी बारीक असते की वाया गेलेला प्रत्येक मिलिमीटर लिव्हरवर कळतो.

म्हणून पहिला खर्च आउटरवर करा. न दबणारं ब्रेक आउटर वेगळं मिळतं. त्यात तारा लांबीच्या दिशेने असतात आणि त्यांच्यावर केव्हलारसारख्या धाग्याचं वेष्टण असतं. गिअरचं आउटरही उभ्या तारांचंच असतं, म्हणून काही जण तेच ब्रेकला वापरतात. तसं अजिबात करू नका. त्याच्या तारांना धरून ठेवतं ते फक्त प्लास्टिक. जोरात ब्रेक दाबला की ते फाटतं, आणि ते नेमकं तेव्हाच फाटतं जेव्हा ब्रेकची सगळ्यात जास्त गरज असते. नवं आउटर धारदार कटरने कापा, टोक कानशीने सपाट करा, माप जुळणाऱ्या टोप्या बसवा. टोक तिरकं राहिलं तर सगळी मेहनत तिथेच दबून जाते. हे आउटर कडक असतं, हँडलबारच्या टेपखाली त्याला तीव्र वळण देऊ नका.

दुसरं काम बिनखर्चाचं. तुमच्या कॅलिपरमध्ये बाहेरचं पॅड सरकतं आणि आतलं स्थिर असतं. रोटर थोडा वाकून आतल्या पॅडला टेकतो, तेव्हा कुठे पकड बसते. आतलं पॅड झिजलं की त्याचा स्क्रू फिरवून ते रोटरच्या जवळ आणायचं असतं, कानाला घासण्याचा आवाज येणार नाही इतकंच. हे न करता बहुतेक जण केबलचा ॲडजस्टर, म्हणजे तिचा ताण जुळवणारा स्क्रू, फिरवत राहतात. त्याने लिव्हर घट्ट वाटतो खरा, पण दांडा आधीच अर्धा फिरून बसतो आणि उरलेल्या फिरण्यात त्याचा जोर राहत नाही. ॲडजस्टर केबलचा ढिलेपणा काढायला आहे, पॅडची झीज भरून काढायला नव्हे.

पॅडही काढून बघा. धातूची पाटी सोडून नुसता घासणारा थर ०.५ मिलिमीटरवर आला असेल तर ब्रेक बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या हिशेबाने पॅड संपलं. त्यांचा नवा रोटर १.८ मिलिमीटर जाड असतो, १.५ झाला की बदलायचा. मेटल पॅड लांब उतारावर तापली तरी टिकतात, पण आवाज करतात. आणि रोटरवर फक्त रेझिन (मऊ) पॅडसाठी असं छापलेलं असेल, तर मेटल पॅड घालू नका, रोटर खाऊन टाकतील. नवी पॅड घातल्यावर मध्यम वेग घेऊन, चाक जाम न करता, पुन्हा पुन्हा वेग उतरवा. पॅडचा थर रोटरवर बसेपर्यंत ब्रेक मऊच लागतात.

एवढं करून समाधान झालं नाही, तर पहिल्या मित्राचं ऐका. टीआरपी कंपनीच्या स्पायरसारख्या कॅलिपरमध्ये दोन्ही पॅड सरकतात, रोटर वाकावा लागत नाही, जुळवणी सोपी जाते. जोर काही दुप्पट होत नाही. टीआरपीचाच एचवाय-आरडी हा मधला मार्ग: केबल कॅलिपरपर्यंत येते, पुढचं काम आतलं तेल करतं, पॅडची झीजही तो आपोआप भरून काढतो. पण जुनं आउटर ठेवून तो लावलात, तर दबणारी केबल दबतच राहणार. मग हायड्रॉलिकचे पैसे मोजून काय मिळवलं?

दुसऱ्या मित्राचा सल्ला चुकीचा नाही, फक्त तो अर्धाच सांगतोय. रोड बाइकवर ब्रेक आणि गिअरचा लिव्हर एकच. पूर्ण हायड्रॉलिक म्हणजे लिव्हर, नळ्या, कॅलिपर सगळं नवं, आणि तो लिव्हर तुमच्या गिअरशी जुळायला हवा. जुळला नाही तर डिरेलरपासून, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागापासून, सुरुवात. माझं मत विचाराल तर जुन्या सायकलीवर हा घाट घालू नये. पुढची सायकल घ्याल तेव्हा हायड्रॉलिकच घ्या.

प्रश्न: चेनला स्प्रेने तेल मारल्यापासून मागचा डिस्क ब्रेक किंचाळतो आणि धरतही नाही. पॅड घासून चालेल का?

उत्तर: स्प्रेचा फवारा रोटरवर उडाला आहे. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने, दर वेळी कोरं फडकं घेऊन पुसा. पॅड सँडपेपरवर घासून एकदा बघायला हरकत नाही, पण तेल आत मुरलं असेल तर ती परत किंचाळतील; मग फेकून द्या. यापुढे चेनला थेंबाने तेल घाला.

प्रश्न: केबलवर चालणारे, वापरलेले बीबी७ मॉडेलचे डिस्क कॅलिपर मिळाले. नीट बसवूनही लिव्हर हँडलबारला टेकतो. काय बिघडलं असेल?

उत्तर: बहुधा काहीच नाही. बीबी७ दोन प्रकारचे येतात, रोडचे आणि माउंटन बाइकचे. माउंटनच्या कॅलिपरला केबल जास्त ओढावी लागते आणि रोडचा लिव्हर तेवढी ओढत नाही. पॅड रोटरला अगदी चिकटवून ठेवलीत तर काम निभावतं, पण रोटर जरा लचकला की घासायला लागतात. ते माउंटन बाइकवाल्या कुणाला देऊन टाका आणि रोडचे शोधा.