घरी बाटलीत भरून ठेवलेल्या सोल्यांमुळे बोटुलिझम होऊ शकतो का? गावात असं झालंच तर तपास कसा होतो?

होऊ शकतो. बोटुलिझम म्हणजे हवाबंद अन्नात एक जंतू विष तयार करतो आणि त्याने माणसाचे स्नायू लुळे पडत जातात, श्वासाचेही. तुम्ही लिहिलंय की तुमच्या बचत गटाला ओल्या तुरीचे सोले काचेच्या बाटल्यांत भरून वर्षभर विकायचे आहेत, आणि गटातल्या बायका म्हणतात, "हे सारं परदेशातलं, आपल्याकडे आजवर कोणाले काही झालं नाही." त्या एका वाक्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसले.

मी गडचिरोली जिल्ह्यात उपकेंद्रावर आरोग्यसेविका होते. धान कापणीचे दिवस होते, कार्तिकी एकादशीचा दुसरा दिवस. सकाळीच आशाताईचा फोन आला, "सिस्टर, सुनेले मण्यार चावला वाटते, लवकर या." त्या दिवसांत कोणालाही तेच वाटलं असतं. माणसं खाली झोपतात, मण्यारच्या दाताची खूण बऱ्याचदा दिसतही नाही, आणि पहाटे पापण्या पडलेल्या असतात.

ती बाई भिंतीला टेकून बसली होती. पापण्या अर्ध्यावर उतरलेल्या. माझ्याकडे बघायला तिने हनुवटी वर उचलली, कारण पापणी उचलली जात नव्हती. बोलणं नाकातून येत होतं. "मले तुमी दोन दोन दिसून राह्यल्या," म्हणाली. पाणी पाजलं तर नाकातून परत आलं. ताप नाही, शुद्ध पूर्ण, चिमटा काढला तर कळत होता. तोंड इतकं कोरडं की जीभ टाळूला चिकटत होती. फवारणीचं विष असतं तर सगळं उलट दिसलं असतं: लाळ, घाम, आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. हिच्या बाहुल्या मोठ्या होत्या. तिच्या नवऱ्यालाही एकाचे दोन दिसत होते, पण बायकोच्या धावपळीत तो बोललाच नव्हता.

मी तिथेच आशाताईला म्हटलं, गावात आणखी कोणाचे डोळे असे झालेत का बघ. पलीकडच्या आळीत एक पोरगा निघाला. आदल्या दिवशी यांच्याकडे धान बांधायला आला होता आणि इथेच जेवला होता. त्याला गिळता येत नव्हतं, आणि घरचे त्याला भानामती झाली म्हणून मांत्रिकाकडे न्यायला निघाले होते. तिघांनाही 108 बोलावून पुढे पाठवलं. मण्यार दोन घरांतल्या तिघांना एकाच रात्री चावत नाही, हे कळायला डिग्री लागत नाही.

मग मी म्हातारीजवळ बसले. घरात ती एकटी ठणठणीत होती. काय खाल्लं विचारलं, तर म्हणे, "मले एकादशी होती. भगर खाल्ली." बाकीच्यांनी? वास्त्यांची भाजी. पावसाळ्यातले बांबूचे कोंब. आमच्याकडे ते ताजे खातात नाहीतर वाळवून ठेवतात. पण या घरच्या मुलाने मोबाईलवर बघून घट्ट झाकणाच्या बाटल्या आणल्या होत्या. वास्ते उकडून बाटलीत भरले, बाटल्या गंजात उकळल्या, झाकण लावून फळीवर ठेवल्या. बाटली फोडल्यावर भाजीला नुसती फोडणी देऊन वाढली होती.

तपास म्हणतात तो हाच. कोण आजारी, कोण नाही, कोणी काय खाल्लं, कोणी काय नाही खाल्लं. आजारी नसलेल्या माणसाला विचारणं सगळ्यांत महत्त्वाचं, आणि तेच सगळे विसरतात. लक्षणं बहुधा 12 ते 36 तासांत येतात, पण कधी काही दिवसांनीही येतात, म्हणून एका जेवणावर थांबायचं नाही, मागचा आठवडा विचारायचा.

दुपारी एक साहेब गाडीने आले. म्हणाले, उलटी नाही, जुलाब नाही, मग अन्नाचा काय संबंध? बाटलीचा वास घेतला आणि म्हणाले, चांगलीच तर आहे. हे विष असलेल्या अन्नाला वास येईलच असं नाही, चवही बिघडेलच असं नाही, झाकण फुगेलच असंही नाही. मी उरलेली भाजी, उघडी बाटली आणि त्याच दिवशी भरलेली न उघडलेली बाटली बर्फात ठेवली होती. नमुना पाठवायच्या पत्रावर त्यांनी सही केली नाही. नागपूरला डॉक्टरांनी लक्षणांवरून बोटुलिझम धरूनच उपचार केले, ती बाई कित्येक आठवडे व्हेंटिलेटरवर राहिली, तिघंही जगले. पण आमच्या रजिस्टरला कारण "अज्ञात" लागलं. तुमच्या गटातल्या बायका म्हणतात ना, कोणाला काही झालं नाही? ते "काही झालं नाही" असं तयार होतं. नमुनाच गेला नाही तर आकडा कुठून येणार?

आता परदेशाबद्दल. थायलंडमध्ये नान प्रांतात 2006 साली घरगुती पद्धतीने डब्यात भरलेल्या वास्त्यांनीच 209 माणसं आजारी पडली, 42 जणांना व्हेंटिलेटर लागला. अमेरिकेत ओहायोमध्ये 2015 साली चर्चच्या जेवणात घरी बाटलीत भरलेल्या बटाट्यांचं सॅलड होतं. 29 आजारी, एक बाई गेली. तिथेही बाटल्या नुसत्या उकळत्या पाण्यात ठेवल्या होत्या. आणि आपल्या गुजरातेत 1996 साली एका निवासी शाळेची 34 मुलं दवाखान्यात भरती झाली, तीन दगावली. संशय शेवेवर होता. परदेशातलं म्हणणाऱ्यांना हे सांगा.

कारण साधं आहे. हा जंतू मातीत असतो, म्हणून शेंगेवरही येतो. त्याचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचात झोपलेलं त्याचं रूप, 100 अंशांच्या उकळीत मरत नाहीत, त्यांना दाबाखाली 121 अंश लागतात. उकळीने बाकीचे जंतू मरतात, झाकणाखाली हवा राहत नाही, आणि याला हवं तसंच घर मिळतं. सोले, मटार, मका, वास्ते, बटाटे, यांत आंबटपणा नसतो. आंबटपणा पीएच या आकड्यात मोजतात, आकडा जितका मोठा तितका आंबटपणा कमी; पीएच 4.6 च्या वर असेल तर बाटली धोक्याची.

म्हणून माझं स्पष्ट मत: सोले बाटलीत भरू नका. घरचा कुकर या कामाचा नाही, शिट्ट्या मोजून हे होत नाही. सोले वाळवा, नाहीतर फ्रीझर घेऊन गोठवून विका. कारखाना तपासलेल्या यंत्रावर हेच करतो तेव्हा ते वेगळं, मी डबाबंद अन्नाविरुद्ध नाही. लिंबाचं, कैरीचं लोणचं, संत्र्याचा आंबट रस यांनाही हे लागू नाही. विष स्वतः दहा मिनिटं खळखळ उकळल्यावर नष्ट होतं हेही खरं, पण संशयाची बाटली उकळून खाऊन बघू नका, टाका.

मात्र कोणी आजारी पडलं असेल तर ती टाकू नका, धुऊ नका. चाखूही नका. पिशवीत बांधून थंड ठेवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा; जिल्ह्याचं साथरोग पथक त्यांच्यामार्फतच बोलावलं जातं. रोग्याचं रक्त अँटिटॉक्सिन (या विषावरचं औषध) देण्याआधी काढायला सांगा. ते औषध तालुक्याला हाताशी नसतं, म्हणून श्वास लागायची वाट न बघता व्हेंटिलेटर असलेल्या दवाखान्यात हलवा. आणि कोणी साहेब सही करत नसेल तर अर्ज लेखी द्या, पोच घ्या, एक प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे त्याच दिवशी पाठवा.