पाहुणे येऊ देत, बाटली नको

पत्र: मी म्हापशाचा, वय 41. मे महिन्यात दारू सोडली, सात महिने होत आले. डॉक्टरांनी डायसल्फिरामची गोळी दिली आहे (तिच्यावर दारू प्यायली की त्रास होतो), एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, मीटिंगला जातो. नाताळात पुण्याहून मेव्हणा आणि त्याचे दोन मित्र आमच्याकडे पाच दिवस उतरणार आहेत. दरवर्षी मीच त्यांना फिरवतो, बाटल्याही मीच आणतो. मी सोडल्याचं त्यांना माहीत नाही. 25 ला शेजारच्या किरिस्तांव (ख्रिश्चन) घरी जेवण असतं, तिथे नाही म्हणवत नाही. बायको म्हणते, यंदा पाहुण्यांना येऊच नका म्हणूया. मला लाज वाटते. हातात लिम्काचा ग्लास धरून बसलो तर निभेल ना? आणि एखाद दिवस गोळी चुकली तर काय होतं?

उत्तर: दादा, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण काळजी त्याच ओळीची वाटली. गोळी चुकवण्याचा विचार डोक्यात आला, तेव्हाच कुठेतरी 31 तारखेची जागा राखून ठेवली गेली आहे. हे वाक्य आजच्या आज स्पॉन्सरला (एएतल्या तुमच्या जुन्या, सोबत करणाऱ्या सदस्याला) आणि डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. गोळीचं म्हणाल, तर तिचा अंमल एका दिवसात उतरत नाही. शेवटच्या गोळीनंतर 14 दिवसांपर्यंत दारूची रिॲक्शन येऊ शकते: चेहरा लालबुंद, धडधड, उलट्या, दम लागणं, रक्तदाब एकदम खाली. काहींच्या जिवावरही बेतते. म्हणून बंद करायची की चालू ठेवायची, हे डॉक्टरच ठरवतील. सणात रोज सकाळी दात घासल्यावर, बायकोसमोर घ्या.

आता पाहुणे. वहिनींचं म्हणणं चुकीचं नाही. सात महिने म्हणजे अजून कोवळा काळ आहे. पण तुम्हाला त्यांना बोलवायचंच असेल, तर माणसं येऊ देत, बाटली घरात नको. ‘मी पिणार नाही, फक्त आणून देतो’ इथेच बहुतेकांचा घात होतो. दुकानात जायचं, ओळखीचा ब्रँड मागायचा, पिशवीतल्या बाटल्यांचा आवाज ऐकत घरी यायचं, बर्फ फोडायचा, चकणा मांडायचा. पिण्याची सगळी तयारी तुमच्याच हातून झालेली असते. उरतो फक्त घोट. तेव्हा आणणं, ओतणं, बर्फ, चकणा, दारू प्यायलेल्यांना रात्री गाडीतून घरी आणणं, यातलं एकही काम यंदा तुमचं नाही. परतताना पुण्याला न्यायच्या बाटल्याही तुमच्या कपाटात किंवा डिकीत ठेवू देऊ नका.

मेव्हण्याला फोन तुम्हीच करा. वहिनींनी केला तर ‘ताईनं बंदी घातली’ असं होईल आणि पाच दिवस त्यांच्याच मागे लागतील. चार वाक्यं पुरेत: ‘मेपासून दारू बंद आहे, औषध चालू आहे. यंदा घरात बाटली नको. तुम्हाला घ्यायची तर बाहेर घ्या, येताना टॅक्सी करा. मला आग्रह करू नका.’ कारणमीमांसा करत बसू नका. कारण दिलं की त्यावर वाद घालता येतो, ‘औषध चालू आहे’ यावर सहसा कुणी घालत नाही. ‘गोव्यात राहून पीत नाही?’ हे ऐकावं लागेलच. हसा आणि विषय बदला. एवढं ऐकूनही ते बाटली आणणारच म्हणाले, तर त्यांची सोय लॉजवर करा. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

लिम्काचा ग्लास मात्र नको. मार्च-एप्रिलमध्ये उर्राक, ती काजूची हलकी दारू, कसा घेत होता ते आठवा: लिम्का, लिंबाची फोड, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची. त्यातला उर्राक काढला तरी जिभेला उरलेलं सगळं ओळखीचं असतं आणि ती राहिलेली वस्तू मागते. ‘झिरो’ बियरचंही तेच. वर काहींत 0.5 टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असतं. त्यापेक्षा कोकम सरबत, शहाळं, आल्याचा चहा बरा. ग्लास स्वतः भरा. खाली ठेवून कुठे गेलात, तर परत आल्यावर तो उचलू नका, नवा घ्या.

शेजाऱ्यांकडे जा, पण आदल्या दिवशी घरातल्या कर्त्या माणसाला दारात गाठून सांगा. एकदा कळलं की तेच तुमचा ग्लास राखतील. दुपारी घरी थोडं खाऊन निघा, उपाशी पोटी तलफ लवकर चढते. तासाभरात उठा. स्कूटर रस्त्याकडे तोंड करून लावा, मागे दुसऱ्याची गाडी अडकली की ‘बस रे अजून’ सुरू होतं. नेवऱ्या, दोदोल, बेबिंका खुशाल खा. फळांचा केक रममध्ये मुरवलेला असतो, तो नको. सोरपोतेलात (डुकराच्या मांसाच्या कालवणात) काही घरी फेणी पडते आणि व्हिनेगर तर असतंच; तुमच्या गोळीवर ते चालेल का, डॉक्टरांना विचारा. खोकल्याची काही औषधं आणि आसव-अरिष्टं यांतही अल्कोहोल असतं.

तलफ आलीच तर ती चढते आणि साधारण अर्ध्या तासात उतरते. तेवढा वेळ जागा सोडायची, काहीतरी खायचं, फोन लावायचा. वहिनींशी एक खुणेचं वाक्य ठरवा, ‘दूध आणायचं राहिलं’ असं काही. ते ऐकलं की दोघांनी निघायचं, तिथे चर्चा नाही. त्यांनी तोंडाचा वास घेणं मात्र बंद. त्यांना पहारेकरी केलंत तर दोघंही थकाल. मीटिंग चर्चच्या किंवा शाळेच्या खोलीत होत असेल, तर 24, 25 आणि 31 ला ती उघडी आहे का, आधी विचारा. नसेल तर त्या वेळेला ऑनलाइन मीटिंग धरा.

31 ला दहा वाजता पार्टीतून बाहेर पडा. वाड्यावरची पोरं जुन्या वर्षाचा म्हातारा पेंढा भरून तयार ठेवतात. बारा वाजता तो जाळताना त्यांच्यासोबत असा, तिथेही बाटल्या फिरायला लागल्या तर सरळ घरी या. 1 तारखेनंतर ढिले पडू नका. पाहुणे गेल्यावर फ्रिजमागे राहिलेली अर्धी बाटली, थकवा आणि रिकामं घर, हे एकत्र आलं की फार वाईट. निघण्यापूर्वी मेव्हण्यालाच घर तपासायला लावा, त्याच संध्याकाळी मीटिंग गाठा. पुढे बोडगेश्वराची जत्रा, कार्निव्हल, शिगमो आणि मग उर्राक. त्या तारखा आताच कॅलेंडरवर लिहा.

आणि घोट गेलाच तर? ‘आता बिघडलंच’ म्हणून पुढचा घेऊ नका. सात महिन्यांत शरीराची सवय मोडली आहे, जुनं प्रमाण आता झेपणार नाही. रात्र संपायच्या आत स्पॉन्सरला सांगा. गोळीची रिॲक्शन दिसली तर लगेच 108. पिणं काही दिवस चाललं असेल तर घरी एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो; डॉक्टरांकडे जा, बांबोळीला आयपीएचबी हे मानसिक आरोग्याचं सरकारी रुग्णालय आहे. रात्री-अपरात्री मन मोकळं करायला टेली-मानसची हेल्पलाइन 14416, व्यसनासाठी हेल्पलाइन 14446, दोन्ही मोफत.

मेव्हण्याला फोन या रविवारपर्यंत करा. तो गाडीत बसल्यावर सांगितलंत तर त्याचीही पंचाईत, आणि तुमचीही.