हिरोशिमात अजून रेडिएशन आहे का, आणि ते मोजतात कसं?

प्रश्न : हिरोशिमात आज एवढं मोठं शहर वसलंय, मग तिथलं रेडिएशन गेलं कुठे? आणि गायगर काउंटर (रेडिएशन मोजायचं यंत्र) फिरवला की कळतं का सगळं?

उत्तर : पहिलं म्हणजे तो बॉम्ब जमिनीपासून साधारण 600 मीटर वर फुटला, आगीचा गोळा जमिनीला टेकलाच नाही, त्यामुळे माती वर ओढली जाऊन किरणोत्सारी धूळ होऊन तिथेच खाली बसली असं फार झालं नाही. बॉम्बमधून सुटलेले न्यूट्रॉन कण आदळून मातीत, लोखंडात जे किरणोत्सारी पदार्थ तयार झाले ते अल्पायुषी होते, मँगनीज-56 दर अडीच तासांनी निम्मं होतं आणि सोडियम-24 दर 15 तासांनी, म्हणजे आठवडाभरात जवळपास संपलंच. पण पहिल्याच दिवशी नातेवाईकांना शोधायला जे लोक आत शिरले त्यांना हे रेडिएशन लागलं, हे विसरून चालणार नाही.

आता मोजायचं कसं. गायगर काउंटर टिकटिक करतो, पण ती टिकटिक बॉम्बची की दगडातल्या नैसर्गिक युरेनियम-थोरियमची ते सांगत नाही. त्यासाठी माती वाळवून, शिशाच्या जाड भिंतींच्या आत किरणांची ऊर्जा मोजणाऱ्या जर्मेनियम डिटेक्टरजवळ तासन्‌तास ठेवतात, आलेखात 662 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचं एकक) इथे टोक दिसलं की ते सीझियम-137, म्हणजे अणुस्फोटात तयार होणारा, बरीच वर्षं टिकणारा पदार्थ.

पण खरी अडचण पुढेच आहे! 1950-60 च्या दशकांतल्या अणुचाचण्यांचं सीझियम जगभर पडलंय, हिरोशिमातही, त्यामुळे आजची माती उकरली तर त्यातलं 1945 चं किती हे वेगळं काढणं महाकठीण. इथे कामाला आले जपानी भौतिकशास्त्रज्ञ योशिओ निशिना. स्फोटानंतर दोनच दिवसांनी ते तिथे पोचले, हॉस्पिटलमधल्या एक्स-रे फिल्म न वापरताच काळ्या पडलेल्या बघून हा अणुबॉम्बच हे त्यांना पटलं, आणि त्यांच्या टीमने लगेच ठिकठिकाणची माती गोळा केली. ती माती जपून ठेवलेली होती म्हणून पन्नासेक वर्षांनी तीच डिटेक्टरखाली ठेवता आली. सीझियमचं अर्धायुष्य 30 वर्षं, म्हणजे तोवर एक तृतीयांशापेक्षाही कमी उरलेलं, तरी काही नमुन्यांत ते सापडलं, आणि ते नक्की त्या बॉम्बचंच, कारण माती उचलली तेव्हा 1950-60 च्या त्या चाचण्या झाल्याच नव्हत्या.