मोहोळाच्या माशीची ॲलर्जी असलेल्या माणसासाठी घरी ठेवलेले ॲड्रेनालिनचे इंजेक्शन केव्हा आणि कसे द्यावे?

ताई, तुम्ही लिहिले आहे की मागच्या उन्हाळ्यात मोहाची फुले वेचताना तुमच्या पतींना आग्या मोहोळाच्या चार-पाच माश्या चावल्या, दहा मिनिटांच्या आत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले आणि ते बेशुद्ध पडले. डॉक्टरांनी आता ॲड्रेनालिनच्या दोन कुप्या आणि सिरिंज घरी ठेवायला दिल्या आहेत, दवाखाना 22 किलोमीटरवर आहे, आणि आपल्या हातून सुई चुकली तर त्यांचे हृदय बंद पडेल ही धास्ती तुमच्या मनातून जात नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका उपकेंद्रात 26 वर्षे आरोग्य सेविका होते. मात्रा तुमच्या डॉक्टरांनी ठरवली असेल तीच पाळावी. बाकीचे मी शिकले आणि पाहिले तसे सांगते.

आधी त्या भीतीविषयी. ज्याला डॉक्टर ॲनाफिलॅक्सिस म्हणतात त्या तीव्र ॲलर्जीत शरीरभरच्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात आणि त्यांतून पाणी झिरपू लागते, म्हणून रक्तदाब कोसळतो; त्याच वेळी घसा सुजतो आणि श्वासनलिका आवळतात. ॲड्रेनालिन या सगळ्याच्या नेमके उलट काम करते, म्हणजे रक्तवाहिन्या आवळते, श्वासाची वाट मोकळी करते आणि हृदयाला जोर देते. योग्य मात्रेत मांडीच्या स्नायूत दिल्यावर पंधरा-वीस मिनिटे छातीत धडधडते, हात थरथरतात, चेहरा पांढरा पडतो, माणूस घाबरतो, आणि हे सारे आपोआप ओसरते. खरा धोका असतो तो हे औषध शिरेत गेल्यास किंवा मात्रा जास्त झाल्यास, आणि त्याहून कितीतरी मोठा धोका असतो ते उशिरा दिल्यास. माशीच्या विषामुळे ज्यांचा जीव जातो त्यांचे हृदय बहुतेकदा पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच थांबते. 22 किलोमीटरचा रस्ता तेवढ्या वेळात होत नाही, म्हणूनच डॉक्टरांनी औषध तुमच्या हाती दिले आहे. पती रक्तदाबासाठी एटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारखी गोळी घेत असतील तर मात्र ते डॉक्टरांना आजच सांगा, कारण त्या गोळीमुळे ॲड्रेनालिनचा परिणाम कमी पडू शकतो.

केव्हा द्यायचे, याचा निर्णय त्या क्षणी करायला बसू नका. तो आजच करून ठेवा. जिथे माशी चावली तिथेच सूज आणि आग असेल, तर इंजेक्शन लागत नाही. मात्र त्यांच्यावर किमान दोन तास नजर ठेवावी. पण माशी चावल्यानंतर त्यांचा आवाज बसू लागला, गिळता येईना, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला, दम लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा पुन्हा पुन्हा उलट्या होऊ लागल्या, तर यांपैकी एक गोष्टही पुरेशी आहे. अंगावर गांधी उठण्याची वाट पाहू नका, कारण काही वेळा त्या उठतच नाहीत. आणि शंका असेल तर द्यावे, कारण गरज नसताना दिलेली एक मात्रा तुमच्या पतींसारखा धडधाकट माणूस सहज सोसतो.

आपल्याकडे अशा वेळी चावलेल्या जागी लोखंड घासतात, चुना लावतात, आणि तेवढ्यात कोणीतरी सेट्रिझिनची गोळी आणून देते. माशीचा काटा कातडीत राहिला असेल तर तो नखाने लगेच खरवडून काढावा, त्यासाठी चिमटा शोधत बसू नये. बाकीचे उपाय जीव वाचवत नाहीत. ॲलर्जीची गोळी किंवा इंजेक्शन खाज आणि गांधी कमी करते, पण कोसळलेला रक्तदाब वर आणत नाही आणि सुजलेला घसा मोकळा करत नाही. माझ्या भागातील एका बाईला गावातच अशी दोन इंजेक्शने दिली गेली, खाज थांबली म्हणून सगळे निश्चिंत झाले, आणि तासाभराने तिला आमच्याकडे आणले तेव्हा करण्यासारखे काही उरले नव्हते. त्या दिवसाची आठवण मला आजही सोडत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. कुपीच्या लेबलवर ॲड्रेनालिन, 1 मिलीत 1 मिलिग्रॅम, हे लिहिलेले आहे का ते वाचून घ्या, कारण छोट्या काचेच्या कुप्या एकमेकींसारख्या दिसतात. मोठ्या माणसाला त्यातील अर्धा मिली, म्हणजे अर्धी कुपीच द्यायची असते. लहान मुलासाठी हा हिशेब वजनावर, दर किलोला 0.01 मिलीप्रमाणे होतो. म्हणून पतींची मात्रा घरातल्या मुलाला कधीही देऊ नका. सिरिंज 1 मिलीची हवी. इन्शुलिनची सिरिंज वापरू नका, कारण तिच्यावरच्या रेघा युनिटच्या असतात, त्यामुळे घाईत हिशेब चुकतो, आणि तिची सुई इतकी आखूड असते की औषध स्नायूपर्यंत पोचत नाही. 1 मिलीच्या सिरिंजसोबत येणारी सुईही बहुधा अर्ध्या इंचाचीच असते. म्हणून 23 किंवा 24 नंबरची एक इंचाची सुई वेगळी मागून घ्या.

कुपीच्या वरच्या टोकाला टिचकी मारली की मानेत अडकलेले औषध खाली उतरते. मानेवरचे टिंब आपल्याकडे ठेवा, मान कापसात किंवा दुपट्ट्याच्या टोकात धरा आणि आपल्यापासून पलीकडे दाबा. काच कट् आवाज करून सरळ तुटते. औषध ओढून घ्या, सुई वर करून हवेचा बुडबुडा काढा, आणि दट्ट्या नेमका 0.5 च्या रेघेवर आणा. पतींना आडवे निजवा, धोतर किंवा पँट बाजूला करा, कंबर आणि गुडघा यांच्या मध्यावर मांडीच्या बाहेरच्या अंगाला सुई सरळ, काटकोनात, पूर्ण आत घाला आणि दट्ट्या शेवटपर्यंत दाबा. तीन आकडे मोजून सुई काढा आणि ती जागा दहा सेकंद चोळा. दंडात नको, कुल्ल्यात नको, शिरेत तर मुळीच नको. लहान मुलांवरच्या एका अभ्यासात मांडीच्या स्नायूत दिलेले औषध रक्तात सुमारे 8 मिनिटांत पूर्ण चढले, तर कातडीखाली दिलेल्याला 34 मिनिटे लागली. इंजेक्शन दिल्याची वेळ लिहून ठेवा; कुठे लिहायची असा प्रश्न पडला तर पेनने त्यांच्या तळहातावरच लिहा.

यानंतरची गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण आपल्या खेड्यांत घात इथे होतो. एका एप्रिलमध्ये धुऱ्यावरच्या झाडाचे मोहोळ उठले आणि एका शेतमजुराला दोघांनी दुचाकीवर मध्ये बसवून, मागून घट्ट धरून, उपकेंद्रात आणले. दारात पोचेपर्यंत तो बोलत होता, त्याने माझ्याकडे पाणीही मागितले. गाडीवरून उतरून तो उभा राहिला आणि तिथेच कोसळला. मनगटाची नाडी हाताला लागेना. लसीकरणाच्या वेळी ठेवतो त्या पेटीतले ॲड्रेनालिन जवळ होते, ते मांडीत दिले, पाय उचलून विटांच्या थरावर ठेवले, आणि सहा-सात मिनिटांनी त्याने डोळे उघडले. रक्तदाब पडलेला असताना माणसाला उभे केले किंवा बसवले की रक्त पायांत साचते आणि हृदयाला भरण्यापुरतेही उरत नाही, म्हणून तो पडला होता. तेव्हा आधी इंजेक्शन, मग प्रवास, आणि प्रवास आडवे निजवून. 108 ला लगेच फोन लावा; गाडीला उशीर लागत असेल तर कोणाची जीप पाहा किंवा पक्क्या रस्त्यापर्यंत बंडीत निजवून न्या, पण दुचाकी नको. पाय उंच ठेवा. दम फार लागत असेल तर पाठीला टेकण देऊन अर्धवट बसवा, उलटी होत असेल तर कुशीवर वळवा, आणि बरे वाटते म्हणून चालू देऊ नका. तोंडाने पाणीही देऊ नका.

पाच मिनिटांत फरक पडला नाही, किंवा सुधारून पुन्हा बिघडले, तर दुसऱ्या कुपीतलाही अर्धा मिलीच नव्या सिरिंजने दुसऱ्या मांडीत द्यायचा असतो. तुमच्या डॉक्टरांनी दोन कुप्या दिल्या त्या यासाठीच. एकाच इंजेक्शनाने पूर्ण बरे वाटले तरी दवाखान्यात जावेच लागते, कारण काही तासांनी, क्वचित 72 तासांपर्यंत, हाच प्रकार नव्याने उलटू शकतो. रिकामी कुपी सोबत न्या म्हणजे काय दिले यावर वाद होत नाही.

आपल्या उन्हाळ्यात हे औषध जपणे हे एक वेगळे काम आहे. ते 25 अंशांच्या आत ठेवावे लागते, उजेडाने खराब होते आणि गोठवलेलेही चालत नाही. चंद्रपूर-यवतमाळकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा टिनाच्या छपराखाली किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेल्या कुपीचा भरवसा धरू नका. फ्रीज असेल तर दारातल्या कप्प्यात ठेवा. वावरात जाताना घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात कापूस घालून कुप्या ठेवा आणि तो डबा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या छोट्या मडक्यात ठेवून सावलीला ठेवा; पाणी डब्यात शिरू देऊ नका. महिन्यातून एकदा कुपी उजेडात धरून पाहा. औषध पाण्यासारखे स्वच्छ असायला हवे. तपकिरी किंवा गुलाबी झाक दिसली, आत कण दिसले किंवा मुदत संपली, तर नवी आणा. काही डॉक्टर आधीच भरून सीलबंद केलेली सिरिंज देतात. ती त्यांनी सांगितलेल्या दिवसांतच वापरावी. परदेशात मिळते तसे आपोआप टोचणारे पेन आपल्या तालुक्याच्या दुकानात सहसा मिळत नाही, त्यामुळे कुपी आणि सिरिंज हाताळता येणे हाच तुमच्यासाठी खरा उपाय आहे.

ते सरावाने येते. मुदत संपलेली कुपी फेकू नका. ती आणि एक सिरिंज घेऊन तुमच्या उपकेंद्रातील सेविकेकडे जा आणि कुपी फोडून 0.5 च्या रेघेपर्यंत औषध ओढणे तिच्यासमोर पाच-सहा वेळा करून पाहा. पहिली कुपी फुटल्यावर सरावाला साधे पाणीही चालते. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरून तिच्याकडेच द्या. शिकायला एकट्या जाऊ नका, कारण माशा उठतील त्या दिवशी तुम्ही घरी असाल आणि पती जंगलात. त्यांच्यासोबत फुले वेचायला किंवा तेंदूपत्त्याला जे दीर-पुतणे जातात, त्यांच्यापैकी दोघांना तरी सोबत न्या, आणि मडके त्यांच्या हाती द्या.